सपत्नीक यावे

"नमस्कार. कवळी तंत्रज्ञांच्या मेळाव्याचं आमंत्रण मिळालं. एक शंका होती."

"विचारा ना."

"शेवटी लिहिलंय... सपत्नीक यावे."

"बरं, मग?"

"मला पत्नी नाहीये. म्हणजे — येऊ की नको?"

फोन कानाशी धरूनच मी झडप घालून आमंत्रण उचललं आणि शेवटपर्यंत वाचलं. समारंभांची कामं घेणाऱ्या मावशीच्या ऑफिसात निम्मं काम लग्नपत्रिकांचं. त्यातल्याच एका तयार मजकुरावर मी हे आमंत्रण बेतलं होतं. वधू काढली, वर काढला, मुहूर्तही काढला... शेवटची ओळ मात्र ठाण मांडून बसली होती. आणि ती सगळ्यांना गेली होती!

"ते चुकून झालं हो."

"चुकून पत्नी मागितलीत?"

"हसू नका ना!"

"छे, मी कुठे हसतोय?" तो म्हणाला. पण हसू त्याच्या आवाजात मावत नव्हतं.

मला मात्र रडू येत होतं. हे मी एकटीनं अंगावर घेतलेलं पहिलंच काम. दाताच्या दवाखान्यांच्या मागच्या खोल्यांत मेण आणि प्लास्टर घेऊन दात घडवणारी ही मंडळी. त्यांच्या मेळाव्यात दर वर्षी खुर्च्या जास्त आणि माणसं कमी. संघटनेच्या अध्यक्षांनी, म्हणजे सगळ्यांच्या काकांनी, मला स्पष्टच सांगितलं होतं, "पोरी, यंदाही सभागृह ओस पडलं तर मेळाव्याला कायमचं कुलूप." ते कुलूप माझ्या हातून लागू नये, एवढंच मला हवं होतं.

"मग मी आजोबांना आणू का?" फोनवरचा आवाज म्हणाला. "मी बनवलेली पहिली कवळी त्यांच्याच तोंडात आहे. ती घालून शेंगदाणे फोडून दाखवतात. कोणी विचारलं नसलं तरी."

"थांबा, थांबा. तुम्ही बनवलेली कवळी घालून माणसं कशी हसतात, ते तुम्ही एरवी बघता?"



"नाही. दवाखान्यातून साचा येतो, इथून कवळी जाते. पुढे कोण हसतं... कळत नाही."

आता त्या आवाजात हसू नव्हतं. मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. का, कोण जाणे.

संध्याकाळीच सगळ्यांना नवा मजकूर गेला. 'सपत्नीक हा शब्द आमचा गाढवपणा समजावा. त्याऐवजी तुमच्या हातची कवळी घालणारं घरचं, ओळखीचं एखादं माणूस सोबत आणा. ते हसतील, आपण बघू.'

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. "आमंत्रणात कोणी गाढवपणा लिहितं का गं?"

पण फोन खणखणू लागले. "सासूबाईंना आणलं तर चालेल? एकदा बोलायला लागल्या की थांबत नाहीत हं." "शेजारच्या काकू आल्या तर?" सगळे विचारत होते, नक्की येतो असं कोणीच म्हणत नव्हतं. आणि अधूनमधून त्याचा फोन.

"सभागृहाला लिफ्ट आहे ना? आजोबांसाठी विचारतोय."

"खुर्च्यांना हात आहेत का? आजोबांसाठी हो."

मावशीनं त्याचं नावच 'अपत्नीक' ठेवलं. फोन माझ्या हातात देताना डोळे मिचकावायची. एकदा मीच विचारलं, "आज काय हवंय आजोबांना?"

"आज..." तो अडखळला. "आज माझ्यासाठीच केला होता."

त्यानंतर आम्ही काय बोललो, ते विचारू नका. कामाचं काहीच नाही.

मेळाव्याच्या दिवशी सकाळपासून पावसानं नुसता धिंगाणा घातला. सभागृहात खुर्च्या होत्या, पंखे होते, दाराशी नावांचे बिल्ले मांडून मी होते. माणूस नव्हतं. खिडकीपाशी काका पाठमोरे उभे. मी तेच ते बिल्ले पुन्हा पुन्हा सरळ करत होते आणि डोळे भरून येत होते.

इतक्यात दारात एक छत्री आली. तिच्याखाली एक म्हातारबाबा अगदी कोरडे, आणि ती धरणारा तरुण नखशिखांत भिजलेला.

"हीच का रे ती, पत्नी मागणारी?" आजोबांनी ठणठणीत आवाजात विचारलं.

मी लाजले, खळखळून हसले... आणि सवयीनं तोंडावर हात घेतला. माझा डावा सुळा जरा पुढे आहे. शाळेपासून त्यावरून चिडवून घेतलंय.

"हात काढा ना," तो हळूच म्हणाला.

"सुळा दिसतो. तुम्ही तर सगळे दात सरळच घडवत असाल."

"दिवसभर तेच करतो. पण हा सरळ नको. असा मला कधी जमला नसता."

त्याचा बिल्ला माझ्याच हातात राहिला. त्याच्यामागे छत्र्यांची रांग लागली होती. त्या सासूबाई आल्या, बोलतच आल्या. शेजारच्या काकू आल्या. कोणाचे वडील, कोणाची आत्या. शेवटी मावशीनं बाहेरची बाकं आत ओढली.

काकांनी माइक घेतला. "ज्यांनी कवळी घातलीय, त्यांनी जरा हसा बघू."

सगळी म्हातारी मंडळी हसली. कोणी लाजत, कोणी आ वासून. आणि त्या कवळ्या घडवणारे उभे राहून, माना उंचावून बघत राहिले. काकांनी चष्मा पुसला. खाली उतरल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कुलपाचं राहू दे आता."

संध्याकाळी तो माझ्याबरोबर खुर्च्या आवरत होता. कोपऱ्यात आजोबा मावशीला शेंगदाणे फोडून दाखवत होते.

"पुढच्या वर्षीचं आमंत्रण तुम्हीच लिहिणार?"

"बहुतेक."

"इतरांना काहीही लिहा. माझ्या आमंत्रणात तो जुना शब्द... राहू द्याल?"

"सपत्नीक? मग सोबत आणणार कुणाला?"

"आणायचं कशाला..." त्यानं उचललेली खुर्ची पुन्हा खाली ठेवली. "ती आधीच दाराशी उभी असेल. बिल्ले वाटत. म्हणजे... तिला चालणार असेल तर."

"नाही चालणार," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पार उतरला. मला राहवलं नाही.

"पुढच्या वर्षी दाराशी मावशी उभी राहील. मला तुमच्याबरोबर आत यायचंय."

मला हसू फुटलं. सवयीनं हात तोंडावर न्यायला गेले, तर तो त्याच्या हातात होता.