सोरिनचा प्रोसेसर

ही गोष्ट घडलेली आहे. मी तिला तिखटमीठ लावलेलं नाही.

ओक्टाव माझ्याच इमारतीत, बरोबर माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतो. शाळेत मी त्याला गणित शिकवलंय. बढाया मारणारा मुलगा तो कधीच नव्हता. त्याने जे सांगितलं आणि मी स्वतः जे पाहिलं, तेवढंच लिहितो.

गाव रोमानियातलं ब्राशोव. गेल्या जुलैतली टळटळीत दुपार.

हो, दुपार. असल्या गोष्टींना रात्र लागते, असं मलाही वाटायचं...

आधी एक साधी गोष्ट समजून घ्या. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. कारखाना त्याला एक वेग ठरवून देतो. काही हौशी लोक तो वेग वाढवतात. वेग वाढवायचा तर वीज जास्त लागते. वीज वाढली की प्रोसेसर तापतो. तापला की चुकतो आणि कॉम्प्युटर हँग होतो. म्हणून वेग वाढवल्यावर त्याला तासन् तास अवघड गणितं सोडवायला लावतात. एकही चूक झाली नाही, तर तो वेग स्टेबल.

ओक्टाव आणि त्याचा मित्र सोरिन, दोघांनाही हे वेड. हिवाळ्यात कडाका पडला की दोघं आपापल्या कॉम्प्युटरची पेटी बाल्कनीत ठेवायचे. वायर भिंतीतल्या भोकातून आत, मॉनिटर टेबलावर. फुकटची थंडी!

आमच्याकडच्या बाल्कनीच्या दारांना बाहेरून मूठ नसते.

त्याच वर्षी जानेवारीत सोरिन पंखा बघायला बाहेर गेला. दार मागे लागलं. फोन आत. आई बहिणीकडे गेलेली.

सकाळी ती परतली, तेव्हा तो दाराला टेकून बसलेला होता, गोठून. हातांची सालटं निघालेली. दुहेरी काचेचा बाहेरचा थर तडकला होता. आतला नाही.

मॉनिटरवर चाचणी चालूच होती.

एकही चूक नाही.

सहा महिन्यांनी, जुलैत, त्याच्या नावाचं जेवण झालं. आमच्याकडची रीत अशी की गेलेल्याच्या वस्तू पेटत्या मेणबत्तीसोबत कुणाला तरी द्यायच्या, घेणाऱ्याने त्या वापरायच्या, म्हणजे त्या तिकडे त्याला मिळतात. सोरिनच्या आईने, स्मारांदामावशीने, ओक्टावच्या हातात प्रोसेसर ठेवला.

"मावशी, हा फार भारी आहे हो. असा क्वचितच निघतो."

"मग बरंच की! हलकंसलकं दिलं तर तिथूनसुद्धा कुरकुर करेल तो." ती हसली आणि लगेच डोळे पुसले. "बंद मात्र ठेवू नकोस, बाळा. तू वापरशील तेव्हाच त्याला मिळेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओक्टावने तो बसवला. रोडिका, त्याची बायको, समुद्रावर जायची बॅग भरत होती.

"ही पेटीपण नेणार का मांगालियाला?" ती म्हणाली. "ने ने. पोहायला शिकव तिला. माझ्यापेक्षा तिचाच लळा आहे तुला."

"एवढी एक चाचणी होऊ दे गं."

"लग्नाच्या दिवशीपण हेच म्हणाला होतास." ती प्रवासासाठी पीच आणायला बाजारात गेली.

खोलीत नुसती भट्टी. भिंतीवरचा तापमापक तेहतीस दाखवत होता.

ओक्टावने मॉनिटरवर प्रोसेसरचं तापमान पाहिलं.

एकोणीस...

आता हे नीट बघा. पंखा खोलीचीच हवा फिरवतो. खोलीपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. शाळेतलं पोरही हे सांगेल.

त्याला वाटलं, आकडा चुकलाय. त्याने पेटी उघडून प्रोसेसरवरच्या धातूला बोट लावलं.

बर्फासारखा गार. वर दव जमलेलं.

अकरा...

चार...

खरं तर तिथेच त्याने थांबायला हवं होतं. पण असल्या वेड्याला थंडी म्हणजे पर्वणी! त्याने वेग वाढवला. टिकला. आणखी वाढवला. टिकला. आणखी थोडा...

हँग.

पंखा थांबला. खोली एकदम गप्प.

आणि मग...

टक. टक.

बाल्कनीच्या काचेवर. बाहेरून. चौथ्या मजल्यावर.

कबूतर असेल म्हणून त्याने दार उघडलं. टोमॅटोच्या कुंड्या, वाळत घातलेला टॉवेल. कुणी नाही. तो एक पाऊल पुढे गेला.

मागे दार लागलं.

आपटलं नाही. हळूच लागलं. झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून लावावं तसं.

त्याच्या तोंडातून वाफ निघाली.

खाली पोरं उघड्या अंगाने फुटबॉल खेळत होती. तो ओरडला. कुणी मान वर केली नाही. मी स्वतः तेव्हा खाली अक्रोडाखालच्या बाकावर बसलो होतो. देवाशपथ सांगतो, मला काहीच ऐकू आलं नाही.

तो काचेकडे वळला.

त्याच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. हिवाळी जाकीट, डोक्यावर टोपी. मॉनिटर चालू होता. जो वेग ओक्टावला टिकवता आला नाही, त्याच वेगावर चाचणी पळत होती.

त्याने काच बडवली. दोन्ही मुठींनी बडवली.

खुर्चीतला माणूस वळला नाही. त्याने फक्त हेडफोन उचलले...

आणि कानांवर चढवले.

किती वेळ गेला, ओक्टावला माहीत नाही. रोडिका आली. तिला खुर्ची रिकामीच दिसली.

"उन्हात कसला उभा राहिलायस, वेड्या?" तिने दार उघडलं. "अरे, तुझे ओठ! ओक्टाव!"

तिची किंकाळी मात्र मला ऐकू आली. मी धावत वर गेलो. आता मी पाहिलं ते सांगतो. भर जुलैत त्याच्या भुवयांवर पांढरं हीव होतं. मुठी सोललेल्या. आणि काचेचा बाहेरचा थर तडकलेला.

त्याने आमच्यासमोर प्लग उपटला.

टक. टक.

आम्ही तिघांनीही ऐकलं. त्याने पुन्हा कॉम्प्युटर चालू केला, चाचणी लावली. आवाज थांबला.

त्याने स्मारांदामावशीला फोन केला. "मावशी, पाया पडतो, तो परत घ्या."

"दिलेलं परत घेऊ? त्याच्या हातातून काढून घेऊ?" ती रडायला लागली. "आज दुपारी डोळा लागला, तर पहिल्यांदा स्वप्नात आला रे. म्हणाला, आई, आता मी आत आहे. छान ऊब आहे इथे."

ओक्टावने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो रोडिकाबरोबर स्टेशनपर्यंत गेला. फलाटावर त्याची बोटं पांढरी पडायला लागली. तो तसाच धावत घरी आला.

कॉम्प्युटर हँग झालेला होता.

तेव्हापासून ओक्टाव घरातून निघालेला नाही. रोडिका समुद्रावरून परस्पर माहेरी गेली. रोज फोन करते, रोज विचारते, "कधी येतोस?" तो म्हणतो, "एवढी एक चाचणी होऊ दे." पूर्वी ती यावर हसायची.

मी त्याला जेवण नेऊन देतो. एकदा म्हटलं, "अरे, वेग कमी कर. कमी वेगावर कुठलाही प्रोसेसर टिकतो."

"करतो ना, सर. पाणी प्यायला उठलो की कुणीतरी परत वाढवून ठेवतं."

आणि एक गोष्ट त्याला माहीत आहे, मलाही आता माहीत आहे. जास्त विजेवर प्रोसेसर झिजतो. तोच वेग टिकवायला दर काही आठवड्यांनी थोडी आणखी वीज द्यावी लागते. त्याला सीमा असते.

"अजून किती वाढवता येईल?" मी काल विचारलं.

त्याने सूप बाजूला सारलं. "फार नाही, सर."

आज सकाळपासून बर्फ पडतंय. त्याच्या पंख्याची घरघर माझ्या छतातून दिवसभर येते. तिच्याकडे माझा कान लागलेला असतो.

आत्ता हे लिहिताना ती थांबली...

पुन्हा सुरू झाली.

मधल्या त्या क्षणात मी वर पाहिलं नाही. मी माझ्या बोटांकडे पाहत होतो.