आतली क्लिप

"हात काढ! काढ आधी हात तिथून!"

लोरिसशी माझं पहिलं बोलणं हे. बाकीच्या मुली पहिल्या भेटीत काहीतरी बरं बोलत असतील. पण हा शहाणा वळणावर गाडी उभी करून, वाफ फुसफुसत असताना, रेडिएटरचं झाकण रुमालाने फिरवत होता. मी टोइंगचा ट्रक तसाच रस्त्यात सोडला, धावले आणि त्याच्या मनगटावर सण्णकन चापट मारली.

"अहो... काय हे?" तो म्हणाला.

"चेहरा भाजला असता! उकळतं पाणी कारंज्यासारखं वर येतं. शिकवलं नाही कुणी?"

"बाबा शिकवणार होते. राहिलं." त्याने रुमाल खिशात कोंबला. "गाडी त्यांचीच. ते गेले तेव्हापासून गोठ्यातच उभी होती."

माझी जीभ आधी धावते आणि मी मागून लंगडत जाते, असं माझे बाबा म्हणतात ते खोटं नाही.

गाडी मात्र बघत राहावी अशी होती. लाल, ठेंगणी, दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडलेलं. वय पंचवीस, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी थोरली. बॉनेटखाली हात घालून मी वरचा पाइप बोटांत दाबला. बाहेरून गुळगुळीत, आतून वाळक्या शेंगेसारखा करकरला.

"सगळे पाइप गेलेत," मी म्हणाले.

"एकच गळतोय की."

"आज एक. तिथे नवा घातला की दाब पुढच्या म्हाताऱ्यावर. बदलायचे तर सगळे. अकरा."

"मला तर दहाच दिसतायत."

"अकरावा आतला. हीटरचा. डॅशबोर्डच्या खाली, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या बरोब्बर वर. कोण बसणार आहे शेजारी?"

"बहीण," तो म्हणाला. "शनिवारी. लग्नाच्या पोशाखात."

बाबांनी, म्हणजे ह्याच्या बाबांनी, ह्या बहिणीला, मारिलेनाला, ती सात वर्षांची असताना कबूल केलं होतं – ह्याच गाडीतून तुला चर्चला नेईन. आता ते काम ह्याच्याकडे आलं होतं. स्वतः जेनोव्हाच्या बंदरावर क्रेन चालवतो, सुट्टी आठवड्याची, सोमवारी परत हजर. आणि चर्च खिंडीच्या पलीकडे, फिरेन्झुओला गावात.

तो मंगळवार होता. मी म्हटलं, शुक्रवारी गाडी देते. आणि लगेच दिवस बोटांवर मोजले. मी मुळात काळजीखोर. दार लावलं की दोनदा ओढून बघते.

बुधवारी तो सकाळीच गॅरेजवर आला. "मदत करतो," म्हणाला. मदत कसली... पाने हातात चुकीचे द्यायचा, बोलायचा मात्र भरपूर. गुरुवारी आईने करून दिलेला पालक-चीजचा डबा घेऊन आला आणि अर्धा स्वतःच संपवला.

"क्रेनवर एवढ्या उंचीवर भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"नाही. भीती आईची वाटते. आणि आता... तुमच्या चापटीची."

"तुमच्या नको म्हणू. तुझ्या म्हण. मी काही तहसीलदार नाही."

"तुझ्या," तो म्हणाला, आणि उगाचच लाजला. तीन मजली क्रेनवर बसणारा माणूस! माझ्या हातातला जुना पाइप निसटून कूलंटच्या हिरव्या डबक्यात पडला, आणि दोघांच्या तोंडावर शिंतोडे उडाले.

आमच्या गॅरेजचा एक नियम. एक क्लिप आवळली, की भिंतीवर खडूची एक रेघ. पाइपाला दोन टोकं, दोन क्लिपा. अकरा पाइप, बावीस रेघा. बाबा – माझे, ओरेस्ते मेकॅनिक – म्हणतात, डोकं विसरतं, भिंत विसरत नाही.

शुक्रवारी दुपारी आतला पाइप उरला. बाबांचा हात तिथे जातच नाही, माझा जातो. मी शेजारच्या सीटवर उलटी झाले, पाय वर, डोकं डॅशबोर्डखाली. लोरिस ड्रायव्हरच्या बाजूने वाकून टॉर्च धरून होता. त्याचा श्वास कानाशी लागत होता. साबणाचा वास... आणि थोडा पालकाचा.

"ऑर्नेला."

"टॉर्च हलवू नकोस."

"गाडी झाली आता. मग मला इथे यायला कारण काय उरेल?"

त्याने हे चेष्टेत म्हटलं नव्हतं. आवाजावरून कळतं. मी मान वळवली. नको होती वळवायला. त्याचे डोळे एक वीतभर अंतरावर. मी दचकून उठायला गेले, डोकं खाडकन डॅशबोर्डवर आपटलं, तो हसला, मीही हसले, आणि उत्तर न देताच बाहेर आले. मग पाणी भरलं, पाइपांत अडकलेली हवा काढली, गावात एक फेरी मारली. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध स्थिर. थेंबसुद्धा कुठे नाही.

"उद्या चढावर काटा वर गेला तर?" त्याने निघताना विचारलं.

"घाबरायचं नाही. हीटर पूर्ण सुरू करायचा. इंजिनाचं गरम पाणी आतल्या पाइपात येतं, काटा उतरतो. बहिणीला म्हणावं, थोडा घाम सहन कर."

हे मी सांगितलं. मी. स्वतःच्या तोंडाने.

शनिवारी सकाळी साडेदहाला मी गॅरेज झाडत होते. नजर भिंतीवर गेली. सवयीने रेघा मोजल्या. एकवीस.

पुन्हा मोजल्या. बोट लावून मोजल्या. एकवीस.

रेघ ओढायची राहिली... की क्लिप आवळायची? मी डोळे मिटून शुक्रवार आठवायला लागले. टॉर्च आठवला. साबणाचा वास आठवला. डोळे तर असे आठवले की काय सांगू. पण स्क्रूड्रायव्हर फिरवल्याचं? छे. तिथे कोरं.

"बाबा, क्लिपशिवाय पाइप टिकतो?"

"नवं रबर घट्ट असतं, एक-दोन दिवस नाटक करतं," बाबा चहाच्या कपातून म्हणाले. "चढ लागला, दाब आला, की जातं. का गं?"

मी फोनकडे धावले. तेव्हा खिशात फोन घेऊन कुणी फिरत नसे. लोरिसच्या घरी एका मावशीने उचलला. "अगं, निघाले की सगळे! वीस मिनिटं झाली. इतकी गोड दिसत होती म्हणून सांगू..."

माझ्या डोळ्यांसमोर पांढरा पोशाख, आणि त्यावर उकळत्या हिरव्या पाण्याची धार. पोशाख गेला तर गेला. गुडघे!

"ट्रकची किल्ली द्या, बाबा."

"लग्नाच्या गाडीमागे टोइंगचा ट्रक? लोक अपशकुन म्हणतील, पोरी!"

"म्हणू देत!"

रातिकोझा खिंडीचा तो रस्ता मला पाठ आहे. त्या दिवशी प्रत्येक वळण लांबलं होतं. ट्रक चढावर कण्हत होता आणि मी स्टिअरिंगला विनवण्या करत होते. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता दिसेल... गाडी तिरकी उभी, वाफ, आणि किंकाळी. दिसायचं काहीच नाही. मग त्याहून वाईट वाटायचं. आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या भीतीखाली आणखी एक भीती होती, आणि तिची मला लाज वाटत होती. आज बहिणीला काही झालं, तर हा माणूस माझ्याकडे पुन्हा तसं बघणार नाही.

खिंडीच्या माथ्यावर गर्दी दिसली. मग रंगीत फिती दिसल्या. गावच्या पोरांनी रस्त्यावर दोर बांधून नवरीची वाट अडवली होती. ती बदामाच्या साखरगोळ्या उधळेपर्यंत दोर सोडायचा नाही, ही रीतच आहे आमच्याकडे. पोरं आरडाओरडा करत होती, "आणखी! एवढ्याने नाही सोडणार!" मारिलेना गाडीत बसूनच मुठी भरभरून उधळत होती. मागे पाहुण्यांच्या गाड्या, पण लाल गाडीचं छप्पर उघडं आणि माझा ट्रक उंच, मला सगळं दिसत होतं.

आणि लाल गाडीचं इंजिन चालू होतं. जूनचं ऊन, लांबचा चढ, वर जागेवर उभी. काटा वर जाणारच. लोरिसने काट्याकडे पाहिलं. त्याचा हात हीटरच्या दांडीकडे गेला.

"लोरिस! हात काढ! काढ आधी हात तिथून!"

सगळं थांबलं. पोरं थांबली, साखरगोळ्या थांबल्या. निळ्या डगल्यातली, काळ्या हातांची मुलगी ट्रकमधून उडी मारून धावत येतेय...

"अरे देवा," मागून एक बाई म्हणाली, "नवऱ्या मुलाची जुनी कुणीतरी आली वाटतं!"

"इंजिन बंद कर! मारिलेना, तू उतर! पटकन, पाय आधी बाहेर!"

नवरी उतरली. तिच्या चेहऱ्याचा रंग पोशाखासारखाच झाला होता. मी सीटवर उलटी झाले, पाय वर, अख्ख्या वऱ्हाडासमोर. हात आत घातला. क्लिप सैल. गळ्यातल्या माळेसारखी नुसती लोंबत होती. पाइप अर्धा बोट मागे सरकला होता आणि त्याच्या कडेला एक थेंब जमला होता. तो माझ्या मनगटावर पडला आणि चर्रकन भाजलं. मी ओरडले नाही. पाइप आत रेटला, आणि स्क्रूड्रायव्हर फिरवला. शेवटपर्यंत. मग एकदा आणखी.

बाहेर आले तेव्हा समोर लोरिसची आई, सिन्योरा इर्मा. हॅटवर अख्खी बाग.

"काय प्रकार आहे हा? गाडी तर तुम्हीच दुरुस्त केली होती ना?"

लोरिस मध्ये आला. "आई, मीच तिला सांगितलं होतं, वर येऊन एकदा तपासून..."

सुटकेचा दोर टाकलाच होता त्याने माझ्याकडे. धरून सुटता आलं असतं. पण बाबा म्हणतात, चूक झाकणाऱ्या मेकॅनिकच्या गाडीत कुत्रंही बसवू नये.

"तो खोटं बोलतोय," मी म्हणाले. "मी एक क्लिप आवळायची विसरले. त्याने हीटर सुरू केला असता, तर मारिलेनाचे पाय भाजले असते. चूक माझी. सगळी."

मारिलेना पुढे आली. चेहरा अजून पांढरा, पण बोलण्यात भावाचीच बहीण. "अकरा पाइप बदललेस आणि एक क्लिप विसरलीस? कशी काय?"

"ह्याने टॉर्च धरला होता."

"म्हणजे? उजेड नव्हता?"

"उजेड होता," मी म्हणाले. आता कान तापले होते, रेडिएटरपेक्षा जास्त. "ह्याने एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं नाही आणि पळाले. क्लिप तिथेच राहिली."

"कसला प्रश्न?" ही सिन्योरा इर्मा.

मी लोरिसकडे पाहिलं. तो नव्या कोऱ्या बुटांकडे बघत होता. बिचारा.

"म्हणाला, गाडी दुरुस्त झाली, आता इथे यायला कारण काय उरेल."

दोराजवळच्या पोरांपैकी एकाने शीळ घातली. दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

"मग?" मारिलेना म्हणाली. "मी चर्चला उशिरा पोचले तरी चालेल. उत्तर ऐकल्याशिवाय मी काही ह्या गाडीत बसत नाही."

"कारण लागत नाही," मी म्हणाले. सगळ्यांना नाही, त्यालाच. "नुसता ये. गाडी नको, डबा नको... मला मंगळवारपासून भीती वाटतेय, की तू येणार नाहीस. दर दिवशी वाटतेय. कालही तीच वाटत होती, म्हणून तर..."

लोरिसने माझं भाजलेलं मनगट हातात घेतलं होतं. खिशातून तोच मंगळवारचा रुमाल काढून बाटलीतल्या पाण्याने भिजवत होता.

"सोमवारी मला जायलाच हवं," तो हळूच म्हणाला. "पण येत्या शनिवारी पहिल्या बसने येईन. बसने, ऑर्नेला. गाडी न घेता."

"मी थांब्यावर दोनदा बघेन. सवय आहे."

"दहादा बघ."

दोर सुटला. गाडी पलीकडे उतरली, काटा मधोमध. मी पिवळा दिवा लावून ट्रक त्यांच्या मागे लावला, आणि माझ्या शेजारी कोण चढून बसलं असेल? सिन्योरा इर्मा. हॅट मांडीवर. मैलभर हॅटवरची फुलं सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून हा पोरगा घरात शीळ घालत नव्हता. बुधवारी घालत आला. मी म्हटलं, गाडी बरी होतेय वाटतं." त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "जरा हळू चालव. मला रडून घेऊ दे."

चर्चच्या पायऱ्यांवर फोटो काढायच्या वेळी मी ट्रकमागे लपले होते. सिन्योरांनी साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "त्या पोरीला आणा! आणि आधी हात धुवा तिचे!"

"नको," लोरिस म्हणाला. "तशीच ये."

तो फोटो अजून आमच्या गॅरेजमध्ये लावलेला आहे. सगळे स्वच्छ, फुलांनी सजलेले, हसणारे. मी टोकाला, निळ्या डगल्यात, घाबरलेली. माझा एक हात दिसतो, काळा. दुसरा दिसत नाही, कारण तो लोरिसने स्वतःच्या पाठीमागे घट्ट धरून ठेवला होता.