दोन बातम्या, एक तिथी

"पोराची तेरवी करू का वाट पाहू, तेवढं सांगा बाई," म्हणत माणिकबाईंनी दोन कागद टेबलावर ठेवले.

गीतांजली गावंडे अमरावतीत खाजगी तपासाची कामं करायची. निवृत्त ग्रंथपाल देवीदासकाका तिच्याकडे कागद चाळायला येऊन बसत. आपला खरंच काही उपयोग होतो का, ही शंका त्यांना रोज येई.

माणिकबाई बाळापूरच्या, भाजी पिकवून विकणाऱ्या. मुलगा देवानंद कापसाच्या जिनिंगचा फिटर, कामासाठी सुदानला गेलेला. तिथे यादवी पेटली होती. सोबत मुलगी मोनाली आली होती.

काकांनी वाचलं. पहिली बातमी परदेशी वार्ताहराची: मंगळवारी, चौदा ऑक्टोबरला, देवानंदच्याच जिनिंगवर तोफगोळे पडले. मृतांत कमरेला सुतळीने पाना बांधलेला एक पाकिस्तानी फिटर.

दुसरी अकोल्याच्या एका वेब पोर्टलची: 'बाळापूरचे देवानंद सुखरूप.' सोबत सोळा ऑक्टोबरचा म्हणून फोटो. यंत्राशेजारी हसणारा देवानंद, मनगटावर लाल राखी.

"दुसरीच खरी," काका म्हणाले. "नाव, गाव, तालुका, सगळं बिनचूक. हातात राखीसुद्धा. पहिलीत तर देशच वेगळा आहे."

माणिकबाईंचा चेहरा उजळला.

"शेवटचा फोन कधी आला?" गीतांजलीने विचारलं.

"पोळ्याले. पोळ्याले राखी सोडून बैलाच्या शिंगाले बांधते तो, लहानपनापासून. औंदा तिकडं बैल कुठचा? मशीनच्या दांड्याले बांधली म्हने. येडाच हाये!"

"आणि पाना?"

"कमरेलेच. हातातून सुटला त रोलरमधी जाते. पन पाकिस्तानवाले बी बांधत असन ना?"

"मोनाली, राखी मिळाल्याचं दादानं कळवलं होतं?"

"हो. मिळाली त्याच दिवशी," मोनाली खाली बघत म्हणाली.

गीतांजलीने पोर्टलवाल्या अश्विनला फोन लावला.

"फोटो कुणी दिला?"

"नाव नाही सांगत ताई. भरवशाचं मानूस हाय."

"सुदानला विचारलंत?"

"तिकडं कुठं लागते फोन!"

मग देवानंदला काम शिकवणारे उस्ताद, अकोल्याचे पुंजाजी यांना.

"पाना सुतळीनं बांधनं? ते माह्यं खूळ. तिघायलेच शिकवलं. दोघं इथंच हायेत, माह्यासमोर चहा पिऊन राहिले. कावून विचारता?"

गीतांजलीने फोन ठेवला.

"काका, पोळ्याला सोडलेली राखी सोळा ऑक्टोबरला हातात कशी? फोटो श्रावणातला आहे. राखी मिळाल्याचं कळवताना त्यानं तो बहिणीला पाठवला. बातमी बिनचूक आहे, कारण ती घरातून गेली. पहिल्या बातमीत चूक आहे, कारण तिथे त्या प्रेताला ओळखणारं कुणीच नव्हतं. देश वार्ताहरानं अंदाजानं लिहिला. पाना त्यानं डोळ्यांनी पाहिला, आणि तसा बांधणारा तिथे एकटा देवानंदच."

बिनचूक म्हणजे खरं, असं जन्मभर मानलेल्या काकांनी चष्मा काढला. थोड्या वेळापूर्वी त्या माउलीला हसवलं होतं ते आपणच.

"आई जेवतच नव्हती," मोनाली हुंदका देत म्हणाली. "चार दिवस पानी बी नाही घेतलं तिनं. मंग मी..."

माणिकबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. बराच वेळ थोपटत राहिल्या.

"भाऊ, त्या मंगळवारी तिथी कोनती होती?"

काकांनी पंचांग उघडलं. "आश्विन वद्य अष्टमी."

"अष्टमी." माणिकबाईंनी मान हलवली. "त्या दिवशी मेथी समदी इकली होती, मोना. बजारातून घरी येतानी मी हासून राहिली होती."