मागच्या सीटवरचं वजन

ती बॅटरी माझ्या तोंडावर मारू नका रे, खाली ठेवा. आणि मध्येच फिदीफिदी हसायचं नाही. माझ्या चांगल्या ओळखीतल्या माणसावर गुदरलेली गोष्ट आहे.

कडेगावचे नाथाजी सुभेदार. पलटणीतून निवृत्त झाले आणि मुंबईच्या एका शेठची जुनी परदेशी गाडी घेऊन आले. काळी, लांबलचक, आत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं. गाव बघायला लोटलं. पण गाडीचं वय झालेलं. आज काच खाली गेली की वर येत नाही, उद्या ब्रेकचं तेल गळतंय, परवा चढाला इंजिन तापून वाफा. गॅरेजवाला नागसेन म्हणायचा, "सुभेदार, चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला हाय ही!" सुभेदार नुसते मिशीत हसायचे. कारण गाडी त्यांनी स्वतःसाठी घेतलीच नव्हती.

एकुलती लेक शालन, त्याच वैशाखात लोणंदला दिलेली. सासरची माणसं खवचट. बापानं काय दिलं म्हणून उठता-बसता टोचायची. पहिल्या पंचमीला तिला ह्याच गाडीतून माहेरी आणायचं, अख्ख्या आळीनं बघत राहिलं पाहिजे, असं सुभेदारांनी ठरवलं आणि तसा निरोपही धाडला. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. न्यायला माहेरचं माणूस आल्याशिवाय नुकती दिलेली लेक निघत नाही.

आणि ऐन वेळी गाडीचा पाण्याचा पंप गेला. नवा मुंबईहून यायचा, त्याची किंमत दुभत्या म्हशीएवढी.

मनुबाई नवऱ्याला म्हणाली, "आवं, यष्टीनं जावा की. पोरगी वाट बघत आसंल."

"यष्टीनं गेलो तर त्यास्नी बोलायला आयतंच कारण घावंल. गाडीच न्हेनार."

आठवडा गेला.

पंप बसला तो शहाण्णव सालच्या श्रावणात, पंचमीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला. सुभेदार तसेच निघाले. कराड गेलं, सातारा गेलं, वाठार गेलं. सालप्याचा घाट उतरले तेव्हा बारा वाजत आले होते. भुरभुर पाऊस. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आणि दिव्यांच्या उजेडात, कडेला, शालन उभी. एकटी.

मागचं डावं दार उघडून ती बसली. गाडी त्या बाजूला जराशी दबली.

"तू हितं कशी गं, बाळ?"

"तुमी येत न्हवता... मग मीच आले म्होरं."

सासरच्यांनी घालवून दिली की काय, ह्या धास्तीनं सुभेदारांनी पुढं काही विचारलं नाही. गाडी वळवली.

घाट चढताना काटा तांबड्यात गेला. नवा पंप असून. बॉनेटमधून वाफ. सुभेदार उतरले. रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार... तोच कुणीतरी मनगट धरलं.

"आबा, थांबा. भाजंल."

हात गार. विहिरीतल्या दगडासारखा.

वाफ थांबली. एकदम. सुभेदारांनी वळून बघितलं. शालन मागच्या सीटवर बसलेली होती. दार बंद होतं.

गाडी पुन्हा चढाला लागली. आरशात नुसता पदर दिसत होता.

"रागावलीस व्हय, शालन?"



"न्हाई आबा. लय वाट बघितली... येवढंच."

पहाटे कडेगावात आले. दारात माणसं जमलेली. मनुबाई उंबऱ्यात पडलेली. शेजारच्या फोनवर रात्रीच निरोप आला होता. दिवस मावळायला शालन गेली. चार दिवस अंगात ताप होता. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, आबा गाडी घेऊन येनार हायत, आईजवळ जाऊन दावते.

"येडी झालीस का? ही बघ मागं बसलीया," म्हणत सुभेदारांनी दार उघडलं.

सीट रिकामी.

त्यानंतर सुभेदार त्या गाडीत बसले नाहीत. ती अंगणात उभी असायची, पण मागून डावीकडं दबलेली. नागसेननं नवी स्प्रिंग घातली. सकाळी गाडी तशीच. दुसरी घातली. तशीच. शेवटी तो हळूच म्हणाला, "सुभेदार, स्प्रिंगचा दोष न्हाई. कुनीतरी आत बसल्यागत हाय."

मनुबाईनं ते ऐकलं आणि तिच्या मनात लख्ख उजेड पडला. माहेरी आलेली लेक ओवाळून घेतल्याशिवाय उंबरा कसा ओलांडेल? त्या पहाटे ओवाळायचं भान कुणाला होतं? ती घरात गेली, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मागचं दार उघडलं. रिकाम्या सीटवरून तुकडा ओवाळला, बाजूला टाकला, पाणी ओतलं.

"ये, माझे बाय. उतर. घर आलं."



करकर...

करकर...

गाडीची मागची बाजू सावकाश वर आली. सरळ झाली.

मनुबाई हात जोडून उभी राहिली. सुभेदार मात्र त्या सीटवर डोकं टेकून लहान पोरासारखे हमसून रडले.

"कशाला उतरवलंस गं तिला," म्हणाले, "तेवढं वजन तरी व्हतं की तिचं."