कडुनिंबाला आंब्याची पानं

"कामिनीताई, वाट काट्यांनी अडवली होती! घर घ्यावं की सोडावं?"

उत्तरा वीस वर्षं पुण्यात राहून नागपूरला परतली होती. पारशिवनीजवळच्या खेड्यातलं घर तिच्या मनात भरलं होतं. पण आई, इंदूबाई, गुडघ्यांनी अधू. गाडी दाराशी लागली नाही तर ते घर काय कामाचं? दोनदा गाडी अंगणात सुखरूप लागली. तिसऱ्यांदा, गेल्या गुरुवारी, अंगणाच्या तोंडाशी बोराट्या, बोरीच्या काटेरी फांद्या, रचलेल्या!

खासगी तपासात केस पांढरे झालेल्या कामिनीताईंनी धाकट्या भावाला, मुकुंदाला, गाडी काढायला लावली. मागे उत्तराबरोबर इंदूबाईही बसल्या.

आज काटे नव्हते. घरमालक चंद्रभान तोंडभर हसला. "अंगण घराचंच. काटे म्हणजे शेजारणीचा खोडसाळपणा."

शेजारीण गोपिका बैलांना चारा टाकत होती. बैलांच्या शिंगांवरचा लाल रंग चकचकत होता.

"काटे तुम्ही टाकले?" कामिनीताईंनी विचारलं.

"मीच टाकले. काहून टाकले, थे त्यालेच विचारा."

"जागा तुमची आहे?"

"माही कायची वं?"

"कबुली मिळाली," मुकुंद पुटपुटला. "भांडखोर शेजार. चला ताई, जेवायची वेळ झाली."

कामिनीताई अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत होत्या. बेचक्यात वाळकी आंब्याची पानं अडकली होती. समोरच्या खांबावर दोर घासल्याची ताजी खूण होती.

"मुकुंदा, कडुनिंबाला आंब्याची पानं कधी येतात?"

"कधीच नाही."

"वर्षातून एकदा येतात. बोलाव सगळ्यांना."

सगळे जमल्यावर त्यांनी विचारलं, "उत्तरा, गेल्या शुक्रवारी काय होतं?"

"माझी मीटिंग."

गोपिका खो खो हसली.

"पोळा होता!" कामिनीताई म्हणाल्या. "लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी अशीच तोरणं पाहिली. या निंबापासून त्या खांबापर्यंत आंब्याच्या पानांचं तोरण, खाली रंगवलेल्या शिंगांचे बैल. आदल्या दिवशी सारवलेलं अंगण राखायला काटे. गोपिकाबाईंना जागा बळकावायची असती, तर त्या 'माझी' म्हणाल्या असत्या. अंगण गावाचं आहे. खरं ना, चंद्रभानजी?"

चंद्रभानने मान खाली घातली. "सांगतलं असतं, तर गिऱ्हाईक पळालं असतं."

"म्हणजे व्यवहार फक्त घराचा. आणि गोपिकाबाई, गाडी?"

"पोळ्याचे दोन दिवस सोडून वर्षभर लावा नं! कोन नाही म्हनते?"

"दोन दिवस तर दोन दिवस..." उत्तरा घुटमळली. "पण त्या दिवशी तुला कुठे जायचं झालं तर, आई?"

गाडीची काच खाली आली. "पोळ्याच्या दिवशी मी कायले कुठं जाऊ वं? बैल तर माह्याच दारी येतीन!" इंदूबाई गोपिकेकडे वळल्या. "किती जोड्या असते?"

"वीसेक."

"उत्तरा, पुरण शिजवाले मोठा गंज घ्या लागते."