दोन वेलींचा कडा

सांगलीच्या एका लहानशा प्रयोगशाळेत तीन ससे मेले, आणि दुसऱ्याच दिवशी चारुशीला कऱ्हाडला उतरून पाटणच्या मोटारीत बसली.

दोन वर्षे ती मधुनाशिनीच्या मागे लागली होती. या वेलीच्या प्रजातीत भावंडे पुष्कळ. पण हिचे पान चघळले की जिभेवरची गोडी तासभर नाहीशी होते. मग गूळ खा, वाळू खाल्ल्यासारखा लागतो! हीच वेल मधुमेही माणसाच्या रक्तातही काही काम करते का, एवढाच तिचा प्रश्न होता. साल १९४३. युद्धामुळे इन्सुलिन मिळेनासे झाले होते. पानांच्या पहिल्या पोत्याने सशांच्या रक्तातली साखर खरोखरच उतरली होती. दुसऱ्या पोत्याने ससेच गेले.

"मात्रा जास्त झाली असेल," डॉक्टर विष्णुपंत म्हणाले होते. "निम्मी करू. माझे अकरा रोगी वाट बघताहेत. सोमवारी काढा सुरू करतो."

"सोमवारपर्यंत मला कारण शोधू द्या."

"शोधा. पण नुसती शंका घेऊन येऊ नका."

आज शुक्रवार होता. कोयनेच्या वरच्या रानात, धनगरवाड्यातून निघालेली तीन माणसे एकामागे एक चढत होती. पुढे हरिबा, खांद्यावर केकताडाच्या दोराचे वेटोळे. मागे त्याची थोरली बहीण हरणाबाई, दोन्ही पोती पाठवणारी. आणि मध्ये चारुशीला. पाऊस सरला होता, पण रान अजून ओले होते. जळवा पायांना डसत होत्या. ओढा कमरेइतका, तो ओलांडताना ती दोनदा पाण्यात बसली.

"तुमी कशापायी आलासा इतक्या लांब?" हरणाबाईने विचारले.

चारुशीलाने सशांचे सांगितले. हरणाबाई चालता चालता थांबली.

"आवं ताई, मी सांगावा धाडला हुता की! कड्यावर दोन येली हायती, एकीत एक गुतलेल्या. निवडून धाडू का म्हून इचारलं. तुमचीच चिठ्ठी आली, निवडत बसू नका, लौकर धाडा."

चारुशीलाला ती चिठ्ठी आठवली. डोंगरावरच्या बाईला वनस्पतीतले काय कळणार, असे वाटून तिने ती दोन ओळींत उरकली होती. तिचे कान तापले.

कडा आला. पुढे जमीनच संपत होती. खाली कोकण निळसर पसरलेले. वीस हात खाली, कपारीत एक जांभळीचे झाड आडवे वाढले होते आणि त्याच्यावर वेलींची दाट जाळी. हरिबाने दोर अंजनीच्या बुंध्याला बांधला. आधी हरणाबाई उतरली, मग चारुशीला. पायाखाली एक दगड सुटला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही!

कपार दोन माणसांपुरती. दोन्ही वेलींची पाने समोरासमोर, सारख्याच आकाराची, सारखीच लवदार. चारुशीलाने भिंग लावले तरी फरक धड सांगता येईना. तिने एक पान चघळले, थुंकले, गुळाचा खडा तोंडात टाकला.

वाळू! ही मधुनाशिनी. तिने त्या फांदीला दोरा बांधला.

"आता दुसरी," हरणाबाई म्हणाली.

"माझी जीभ आता तासभर कामाची नाही. थांबावं लागेल."

वरून हरिबा ओरडला, "माझी जीभ तंबाखूनं कवाच मेलीया, माझा उपेग न्हाई!"

"तासभर? खाली बघा," हरणाबाई म्हणाली. कोकणातून धुके चढत होते. आणि चारुशीला अडवायला हात पुढे करते न करते तोच हरणाबाईने दुसऱ्या वेलीचे पान तोंडात घातले.

"हरणाबाई! थुंका ते!"

ती थुंकली. गूळ चाखला. "ग्वाडच लागतंय. ही न्हवं तुमची येल." आणि ती हसली.

थोड्या वेळाने तिचा चेहरा पांढरा पडला. ओकारी आली, मग आणखी एक. ती काठाकडे झुकली. चारुशीलाने तिला कड्याशी दाबून धरले. दोर एकच होता! तिने तो हरणाबाईच्या काखेखालून आवळला, गाठ दोनदा तपासली.

"हरिबा, ओढा!"

"ताई, तुमी?"

"आधी अक्काला घ्या!"

हरणाबाईचे पाय धुक्यात दिसेनासे झाले. चारुशीला एकटी उरली. हात पुढे केला तर बोटे दिसत नव्हती. एका हाताने जांभळीचे मूळ धरून, दुसऱ्याने तिने दोरा चाचपत दोन्ही वेलींच्या फांद्या तोडून पदरात खोचल्या. ओल्या दगडावरून पाय सरकत होता. ससे कचऱ्यासारखे फेकून दिले होते आपण, तिला वाटले. त्यांचे मरण कुणी नीट वाचलेच नव्हते. आणि हरणाबाईचा सांगावाही नीट ऐकला नव्हता.

दोर आला! दिसला नाही, गालाला घासून गेला. तिने झडप घातली. हुकली. दोर झोका घेऊन परत आला, आणि या वेळी तिने तो दोन्ही मुठींत पकडला.

चारुशीलाला वर घेतल्यावर हरिबा हरणाबाईला पाठीवर घेऊन धनगरवाड्यात उतरला. ती संध्याकाळपर्यंत ओकत होती. चारुशीला तिला मीठपाणी पाजत उशाशी बसून राहिली. शेवटी हरणाबाईने डोळे उघडले.

"माझं चुकलं," चारुशीला म्हणाली. "तुम्ही विचारलं होतं."

"व्हय, इचारलं हुतं." हरणाबाईने कूस बदलली. "आता पेज करा वाईच. पोटात काय ऱ्हायलं न्हाई."

रविवारी सांगलीत तिने दोन्ही फांद्या विष्णुपंतांच्या मेजावर ठेवल्या आणि सगळे सांगितले, स्वतःच्या चिठ्ठीसकट.

डॉक्टर बराच वेळ पाने उलटसुलट करत राहिले. "म्हणजे पहिलं पोतंसुद्धा..."

"त्यातही दोन्ही असतील. कमीजास्त. त्या आकड्यांवर आता भरवसा नाही."

"दोन वर्षांचं काम गेलं, चारुशीला."

"गेलं," ती म्हणाली. "पण अकरा माणसं वाचली."

विष्णुपंत उठले. उद्यासाठी करून ठेवलेल्या काढ्याचे पातेले त्यांनी स्वतः उचलले आणि मोरीत रिकामे केले. चारुशीला राख घेऊन ते घासायला बसली.