खांद्याची वाटी

दीक्षाने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिची नजर आधी गेली ती त्याच्या भांगावर. कोथरूडमधल्या तिच्या छोट्याशा फिजिओथेरपी क्लिनिकच्या दारात तो उभा होता, आणि भांग डोक्यावरून असा गेला होता, जशी खोदलेल्या रस्त्यावरून पीएमटीची बस.

"डाव्या हाताने पाडलाय," तो ओशाळून म्हणाला. "उजवा वर जात नाही. स्कूटरवरून पडलो."

अनिरुद्ध हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत होता. हात बरेच दिवस गळ्यात बांधून ठेवल्याने खांदा आखडला होता. तो मोकळा झाला की कंपनी त्याला अमेरिकेला धाडणार होती.

रोज ती खांद्यापासून बोटांपर्यंत मलम चोळायची आणि त्याला भिंतीशी उभं करायची. बोटांनी भिंत चढत जायचं, दुखेल तिथे थांबायचं. शेजारच्या खाटेवर गुडघेवाल्या कांताबाई पाय उचलता उचलता हे सगळं मन लावून पाहायच्या.

एकदा हाडांचा सापळा पुढे ओढून दीक्षा म्हणाली, "खांद्याची वाटी उथळ असते. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. पण निसटतोही चटकन. खुब्याची वाटी खोल. धरलं की सोडत नाही."

"मग तुम्ही कोण? खांदा की खुबा?"

"मी कोपर," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "एकाच बाजूला वाकते. बोटं वर घ्या."

...आणि मग एका सकाळी तो आला तो सरळ भांग पाडून. पट्टीने रेघ मारावी तसा. म्हणजे घरी हात डोक्यापर्यंत पोचत होता, आणि इथे मात्र कानाशीच अडत होता. तिने त्याचा हात उचलून पाहिला. आखडलेला सांधा कसा अडतो, ते तिच्या तळव्यांना पाठ होतं. इथे सांधा अडत नव्हता, माणूस अडवत होता.

तिने हात हळूच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशीही तिने त्याच्यासाठी नेहमीसारखं मलम काढून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात त्याचा व्हिसा आला.

"कंपनी विचारतेय," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "तुम्ही म्हणालात की खांदा अजून... म्हणजे, बरा नाही — तर मी तसं कळवीन. थांबेन."

नाही बरा. दोनच शब्द म्हणायचे होते. कांताबाईंचा पाय हवेतच राहिला होता. दीक्षाला अचानक अंगावरचा पांढरा कोट जाणवला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"भांग छान येतो की आता," ती म्हणाली. "बऱ्या माणसाचं इथे काय काम?"

त्याची बोटं सरसर वर गेली. कानावरून, डोक्यावरून, पार हात ताठ होईपर्यंत. कुठे अडली नाहीत.

"आभारी आहे, डॉक्टर."

इतक्या दिवसांत त्याने तिला डॉक्टर म्हटलं नव्हतं.

तो गेल्यावर कांताबाईंनी पाय सावकाश खाली ठेवला. "बरं केलंस हो त्याला," त्या म्हणाल्या. "अगदीच बरं केलंस."

संध्याकाळी ओलं फडकं घेऊन तिने भिंत पुसली. रोजचे डाग गेले. सगळ्यात वरचे, त्याच्या मलमाच्या बोटांचे ठसे तेवढे राहिले. तिने टाचा उंचावल्या, हात ताणला... तिथवर पोचेना.

कोपऱ्यात स्टूल होतं. ते तिने कोपऱ्यातच राहू दिलं.